टपालाने आणि माणिकबाईच्या हाती

अकोला, ता. ९ डिसेंबर १९२८
(टपालाने)

चि. सौ. चारुशीला हिस हरिहरचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष. येथील सर्व क्षेम असून तुझे व चि. बाळाचे क्षेम वेळोवेळी कळवीत जावे.

ती. अण्णासाहेबांनी पाठवलेली त्यांची 'महसूल-प्रश्नोत्तरी' काल पोचली. समासात त्यांनी स्वतः लाल शाईने केलेल्या खुणा पाहून धन्य वाटले. आपल्या वऱ्हाडातला जमिनीचा कायदा इतक्या सोप्या प्रश्नोत्तरांत दुसऱ्या कोणी आणल्याचे ऐकिवात नाही. मुखत्यारीच्या परीक्षेत मी दोनदा तोंडघशी पडलो त्याचे कारण आता ध्यानात येते. घरात हे पुस्तक असता मी बाहेरच्या पुस्तकांच्या नादी लागलो, हेच ते कारण. यंदा दुसऱ्या पुस्तकास हात लावणार नाही.

जमीन-महसुलाच्या नव्या कोडाविषयी अण्णासाहेबांनी लिहिले तेही सर्वस्वी पटले. कौन्सिलात कायदा मंजूर झाला म्हणजे तो लगोलग परीक्षेत येतो असे नव्हे. परीक्षक जुने, त्यांचे प्रश्न जुने, तेव्हा फेब्रुवारीतला पेपर जुन्या कोडाचाच निघणार, हा त्यांचा तर्क बिनतोड आहे.

दिवाळीत पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून जे अधिक-उणे गेले त्याची खंत अद्याप वाटते. मला सनद मिळाली म्हणजेच तुला व बाळाला इकडे पाठवावे, हा त्यांचा निर्णय माझ्याच हिताचा आहे. ती. अण्णासाहेब व ती. सौ. माई यांस साष्टांग नमस्कार. चि. कमलाकांतास आशीर्वाद.

हरिहर


अकोला, ता. ११ डिसेंबर
(माणिकबाईच्या हाती)

चारू,

परवाचं पत्र ऐकून तुला हसू आलं असेल तर बरं, आणि राग आला असेल तर तोही रास्त आहे. अण्णासाहेब ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचणार, माई दाराआडून ऐकणार, तुझा भाऊ कमलाकांत अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकणार आणि तू खाली मान घालून बाळाला थोपटत बसणार, हे सगळं डोळ्यांपुढे ठेवूनच मी ते लिहिलं. तुमच्या घरची ही रीतच न्यारी. टपालाने आलेलं पत्र कोणाच्याही नावाचं असो, ते साऱ्या घराचं. बायकोला लिहायचं तर सासऱ्याच्या तोंडात शोभेल असं लिहावं लागतं.

म्हणून ही चिठ्ठी माणिकबाईच्या हाती देतो आहे. ही बार्शीटाकळीची माळीण आमच्या गल्लीत वांगी, मेथी, सांभाराच्या जुड्या विकते. तिची शकुन अमरावतीत दिलेली आहे, तुमच्याकडे देवाची फुलं घालते तीच. लेकीला भेटायला माणिकबाई सारखी जात असते. फुलांच्या पुडीत चिठ्ठी निघेल, ती तूच सोड म्हणजे झालं.

चिठ्ठी नेशील का म्हणून विचारलं तर म्हणते, "बायकोलेच लिवून राहिले ना जी?"

म्हटलं, "हो, माझ्याच."

"मंग चोरावानी काहून?"

मी दोन वांगी जास्तीची घेतली.

आता खरं काय ते ऐक. अण्णासाहेबांचं पुस्तक मेलं आहे. आमच्या वकीलसाहेबांचे कागद घेऊन मी रोज कचेरीत जातो, आणि तिथल्या फळ्यावर गेल्याच आठवड्यात नोटीस लागली: यंदाची मुखत्यारीची परीक्षा नव्या कोडावर घेतली जाईल. त्यात शंकेला जागा नाही. नव्या कोडात कलमांचे आकडे बदलले, हक्कांची नावं बदलली, अपिलाच्या मुदती बदलल्या. जुन्या प्रश्नोत्तरीतलं उत्तर जितकं तोंडपाठ, तितका माणूस जास्त बुडणार.

काय वाचावं याचाच मोठा घोळ होऊन बसला आहे. कचेरीतल्या हेडक्लार्कांनी मोठ्या उदार मनाने नागपूरहून आलेलं एक मार्गदर्शक दिलं. दोन दिवस वाचत बसलो आणि मग लक्षात आलं, की यात सगळा मालगुजार, लंबरदार आणि त्यांची कुळं! आपल्या वऱ्हाडात मालगुजार शोधायला कुठे जायचं? आपल्याकडे सरकारात स्वतः सारा भरणारे खातेदार. कारभार नागपुराशी जोडला, पण कायदा आपला वेगळा, हे मी दिवसभर लोकांना सांगतो आणि पुस्तक घेताना मात्र विसरलो. नव्या कोडाचं मराठी भाषांतर बाजारात आलं आहे, पण ते वाचून जे थोडं समजलेलं असतं तेही उमगेनासं होतं. शेवटी वकीलसाहेबांनी आपल्याकडची जादा इंग्रजी प्रत मला देऊन टाकली. तीच आता धरून बसलो आहे. अण्णासाहेबांचं पुस्तक देवाजवळ ठेवलं आहे.

हे मी त्यांना का लिहीत नाही, असं तू विचारशील. दिवाळीत मी एक कलम सुधारलं तर ते चारचौघांत म्हणाले, "जावईबापू, आधी पास व्हा, मग मला शिकवा." बारसं तर त्याआधीच झालं होतं; त्यानंतर बाळ मान धरू लागलं, पण तुझी पाठवणी काही निघाली नाही. आता त्यांच्या उभ्या आयुष्याचं पुस्तक एका नोटिशीने गेलं हे त्यांना कोणीतरी सांगणारच आहे. तो मी नसावा एवढीच माझी इच्छा. मी गुपचूप नवा कोड वाचतो, पास होतो, त्यांना वाटू दे त्यांच्या पुस्तकामुळे झालो. यात कोणाचं काही बिघडत नाही. तू मात्र कोणापाशी बोलू नकोस.

बाळ आता कुशीवर वळतं का?

तुझा
हरिहर


अकोला, ता. ६ जानेवारी १९२९
(टपालाने)

चि. सौ. चारुशीला हिस अनेक आशीर्वाद. विशेष.

ती. अण्णासाहेबांचे पत्र पावले. परीक्षेचे ठिकाण यंदा अकोला असल्याने येथील कचेरीत नोटीस लागली आहे काय, ते समक्ष पाहून कळवावे अशी त्यांची आज्ञा. त्याप्रमाणे समक्ष पाहिले. नवीन असे काही आढळले नाही. येथील जाणत्या मंडळींचेही मत अण्णासाहेबांच्या मतासारखेच आहे. निश्चिंत असावे.

प्रश्नोत्तरीची दुसरी आवृत्ती होत आहे हे वाचून फार आनंद झाला. अण्णासाहेबांनी चिकाटीने समजावले नसते तर माझ्यासारख्या मंदबुद्धीस हा विषय कधीच कळला नसता. थंडी फार आहे. बाळास शेक देत जावे. सर्वांस यथायोग्य.

हरिहर


अकोला, ता. २० जानेवारी
(माणिकबाईच्या हाती)

चारू,

तुझी चिठ्ठी शकुनकडून माणिकबाईच्या हाती आली. दोनदा वाचली.

कमलाकांत परीक्षेला बसतो आहे हे मला कोणीही कळवलेलं नव्हतं. त्याने अर्ज डिसेंबरातच दिला, आणि पास होईपर्यंत भाऊजींना कळवायचं नाही असं तुम्ही सर्वांनी ठरवलंत, म्हणजे मला नवल वाटेल. वाटलं खरं नवल! तू लिहितेस, नव्या कोडाची कुणकुण त्यालाही लागली होती आणि म्हणूनच त्याने अण्णासाहेबांना मला विचारायला लावलं. माझं पत्र ओसरीवर वाचून झालं तेव्हा अण्णासाहेब त्याला म्हणाले, "ऐकलंस? जावई समक्ष पाहून लिहितात." आणि त्याने नवा कोड मागवायचं रद्द केलं.

मी ते वाक्य लिहिताना मला एवढंच दिसत होतं की म्हातारा खूश होईल. दोन ओळींनी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की पाठवणीचा मुहूर्त जरा जवळ येईल. त्या झाडाखाली तुझा भाऊ उभा आहे हे मला ठाऊक नव्हतं, चारू. देवाशपथ ठाऊक नव्हतं.

पण आता ठाऊक झालं आहे, आणि तू विचारतेस, "मी सांगू का कमूला?"

सांगू नकोस. रागावू नकोस, आधी नीट ऐक. तो सरळ आहे, तुझं ऐकल्या ऐकल्या तो अण्णासाहेबांपुढे जाऊन उभा राहील. मग ते माझं पत्र काढतील. समक्ष पाहिलं असं माझ्या अक्षरात आहे. खोटं बोलणारा जावई म्हटल्यावर ते तुला सनद मिळूनही पाठवायचे नाहीत, आणि ते तसं करतील हे तू माझ्याहून जास्त जाणतेस. अमरावतीच्या कचेरीत नोटीस लागलीच असेल. पण अण्णासाहेब गुडघ्यामुळे घराबाहेर पडत नाहीत, आणि कमलाकांतने इतर उमेदवारांत मिसळायचं नाही अशी त्यांची ताकीद. म्हणजे त्याला कळण्याची वाट माझ्याकडूनच आहे, हे मला समजतं.

तो परीक्षेसाठी माझ्याकडेच उतरणार आहे. त्याला लवकर ये म्हणून लिहितो. तो आला की मी स्वतः सांगेन, त्याच्यापुढे कोड ठेवीन, दोघं मिळून मुख्य कलमं करू. तो शिकलेला आहे, माझ्यासारखा ढ नाही. बाळाच्या डोक्यावर हात ठेवायला बाळ इथे नाही, पण ठेवला असं समज.

तोवर तू गप्प राहा. एवढं माझ्यासाठी कर.

हरिहर


अकोला, ता. १७ फेब्रुवारी
(माणिकबाईच्या हाती)

चारू,

परीक्षा झाली. कमलाकांत काल परत गेला, तो घरी काय बोलला असेल कोण जाणे. तू माझ्या चिठ्ठीची वाट पाहत असशील म्हणून लिहायला बसलो.

मी त्याला सांगितलं नाही.

लवकर ये म्हणून लिहिलं होतं, ते खरं. पण अण्णासाहेबांनी त्याला पेपरच्या आदल्या दिवसापर्यंत सोडलं नाही. तो आला तो हसतच. माईंनी दिलेले लाडू, मोर्शीची संत्री आणि तू शिवलेली उशीची खोळ. खोळीवरून मी हात फिरवत होतो तर म्हणतो, "ताई रोज तुमची वाट पाहून राहिली, भाऊजी. यंदा दोघंही पास होऊन जाऊ." माझा नवा कोड तेव्हा ज्वारीच्या पिंपात होता. तो यायच्या आधी मीच लपवला होता. काढून दाखवायचा तर आधी लपवला कशाला हे सांगावं लागणार. त्या एका लाजेपायी मी त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि विषय हवापाण्याकडे नेला.

जेवण झाल्यावर त्याने प्रश्नोत्तरी उघडून माझ्यापुढे धरली. "विचारा न मला काही."

मी विचारलं. काय करणार? तू असतीस तर माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतलं असतंस. खातेदाराच्या हक्कांबद्दल विचारलं, अपिलाच्या मुदती विचारल्या, इजाऱ्याची कलमं विचारली. त्याचं एकही उत्तर चुकलं नाही. आकड्यांसकट घडाघडा सांगत होता, आणि प्रत्येक उत्तर जिथे कुठे बरोबर होतं ते राज्यच आता नव्हतं. मी दर वेळी "शाबास" म्हणालो.

मनाशी हेच घोकत होतो की एका संध्याकाळीत नवा कोड काय डोंबल होणार, सांगून उगाच त्याचा धीर सुटेल, जमतं तेवढं तरी तो लिहील. हे सगळं खोटं. सांगितलं असतं तर तो त्या रात्रीत निदान पास होण्यापुरतं करता. आणि नसता झाला, तरी कळून नापास झाला असता. मला भीती वाटली, बाकी काही नाही. सकाळी तो म्हणाला, "भाऊजी, पीठ संपलं दिसते. दळण मी नेऊन देतो." मी इतक्या मोठ्याने नको म्हणालो की तो दचकला. पेपरच्या दिवशी आम्ही पोहे खाल्ले.

हॉलमध्ये तो माझ्या पुढच्या रांगेत होता. पेपर वाटला. पहिल्याच प्रश्नाला "नव्या कोडान्वये" हे शब्द. त्याची मान वर झाली. मग तो हळूच वळला आणि माझ्याकडे पाहिलं, बहुतेक माझाही जीव उडालाय का ते पाहायला. मी तेव्हा लिहीत होतो. उत्तरं येत होती, लेखणी थांबत नव्हती, आणि मला ती थांबवताही आली नाही.

बाहेर आल्यावर कडुनिंबाखाली तो माझी वाट पाहत उभा होता. म्हणाला, "नवा कोड आला, भाऊजी."

"हो ना."

"तुम्ही लिहून राहिले होते."

"काहीतरी खरडलं झालं. कोरा कागद कसा द्यायचा?"

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याच्यापेक्षा मोठा, ताईचा नवरा, आणि तो मला धीर देत होता. "जाऊ द्या. दोघंही बुडालो तर अण्णांना निदान समजेल की पुस्तक जुनं झालं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका." मग खिशातलं संत्रं सोलून अर्धं मला दिलं. मी ते खाल्लं.

तू काय म्हणशील मला कळतं. म्हण. पण अजून निकाल यायचा आहे, कदाचित मीही नापास होईन. खरं सांगू का, मी आता तीच आशा धरून आहे.

हरिहर


अकोला, ता. ७ एप्रिल
(माणिकबाईच्या हाती)

चारू,

मी पास झालो हे तुला कळलंच असेल. कमलाकांत नापास झाला हेही.

अण्णासाहेबांचं पत्र आलं. त्यांच्या हाताने एवढं लांबलचक पत्र मला आजवर कधी आलं नव्हतं. लिहितात, एकाच प्रश्नोत्तरीवरून जावई पास होतो आणि पोटचा मुलगा नापास होतो, तेव्हा दोष पुस्तकाचा नाही हे सिद्ध झालं. पेपर नव्या कोडाचा होता ही कमलाकांतची सबब आहे, कारण तोच पेपर जावयाने सोडवला. मुलाचं लक्ष अभ्यासात नव्हतं, तो बाहेर उंडारत असावा. त्याच्याशी बोलणं टाकलं आहे. तो मोर्शीला संत्र्यांच्या आडतीवर कारकुनीला गेला, जाऊ दे. आणि शेवटी: चारुशीलेची पाठवणी ठरवली आहे, बाळाला अंगड्या-टोपड्यासह, मानाने.

म्हणजे माझ्या पास होण्याचा असा उपयोग झाला. माझं यश त्याच्या तोंडावर मारायला.

तू हे सगळं ओसरीवर ऐकलं असशील. माझा सगळा दोष आहे, पण थोडा विचार माझ्याही बाजूने कर. मी कोणाला नापास करायला निघालो नव्हतो. अण्णासाहेबांनी तुला सनदेशी बांधलं नसतं तर मला खोटं लिहावं लागलं नसतं. कमलाकांतने मला आधी कळवलं असतं तर मी ती ओळ लिहिलीच नसती. जे झालं ते झालं. तो पुढच्या वर्षी बसेल, मी स्वतः त्याला शिकवीन. तू आता इकडे ये, मग दोघं मिळून सावकाश काय ते बघू. अण्णासाहेबांचं वय झालं आहे, त्यांना आता कशाला सांगायचं?

बाळासाठी पाळणा आणून ठेवला आहे.

हरिहर


अकोला, ता. १४ एप्रिल १९२९
(टपालाने)

चि. सौ. चारुशीला हिस हरिहरचे आशीर्वाद.

ती. अण्णासाहेबांस साष्टांग नमस्कार. हे पत्र आपण नेहमीप्रमाणे ओसरीवर मोठ्याने वाचाल. तसेच वाचावे अशी विनंती आहे. माई आत असतील तर त्यांनाही बोलवावे.

आपण मला अकोल्याच्या कचेरीत नोटीस पाहून कळवायला सांगितलं होतं. मी ती पाहिली होती. आपलं पत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून ती फळ्यावर होती आणि तिच्यात नवा कोड स्पष्ट लिहिला होता. मी आपल्याला नवीन काही नाही असं लिहिलं. येथील जाणत्या मंडळींचं मत म्हणून जे लिहिलं ते मत कोणाचंच नव्हतं, मी कोणाला विचारलंही नव्हतं. परीक्षेच्या अभ्यासासाठी मी आपल्या प्रश्नोत्तरीतलं एक पानही वाचलं नाही. मी नव्या कोडावरून पास झालो. कमलाकांतने आपल्यावर आणि माझ्या पत्रावर विश्वास ठेवला म्हणून तो नापास झाला. तो कुठेही उंडारत नव्हता. पेपरच्या आदल्या संध्याकाळी मीच त्याला प्रश्नोत्तरीतले प्रश्न विचारले आणि त्याला सगळे येत होते. त्या वेळी नवा कोड माझ्या खोलीत ज्वारीच्या पिंपात लपवलेला होता.

आपली मर्जी मिळवून चारुशीलेला लवकर घरी आणावं, एवढ्यासाठी मी हे केलं. दिवाळीत आपण बोललात त्याचा राग मनात होता, तोही यात असेल. आपलं पुस्तक जुनं झालं हे सांगायला मला जीभ नव्हती, आणि खोटं लिहायला मात्र लेखणी होती. आपल्या पुस्तकावर वऱ्हाडातले कित्येक मुखत्यार उभे राहिले, हे मी हो ला हो म्हणून लिहीत नाही. ते खरंच आहे. पण ते दिवस गेले, हे तोंडावर सांगणारा माणूस आपल्याला मिळायला हवा होता. मी तो झालो नाही.

निकालानंतर मोर्शीहून कमलाकांतचं एक कार्ड आलं. त्यात एवढंच आहे: "भाऊजी, तुम्ही न अडखळता लिहून राहिले होते ते मी हॉलमध्येच पाहिलं. अण्णांना मी काही बोललो नाही. ताईची पाठवणी होऊन जाऊ द्या." हे कार्ड आल्यावरही मी एक आठवडा गप्प बसलो. आपण त्याच्याशी बोलणं टाकलं, तेव्हा त्याच्याकडे उत्तर होतं आणि ते त्याने दिलं नाही.

चारुशीलेला मी टपालाखेरीज दुसऱ्या वाटेने चिठ्ठ्या पाठवत होतो. माणिकबाई नावाची माळीण त्या नेत असे. तिचा काही दोष नाही, शकुनचाही नाही, त्यांच्याकडची फुलं बंद करू नयेत. माझी शेवटची चिठ्ठी माणिकबाईने काल न फोडता परत आणली. म्हणाली, "बाई म्हने चिठ्ठी नाई घेत. त्याइले सांग म्हने, जे लिवाचं ते टपालानं लिवा, नाई त लिवूच नका." आणि मग स्वतःचं म्हणून, "मले बी आता नका सांगू बाप्पा. देवाच्या फुलायच्या पुडीत काय काय नेऊन घालू मी?" त्या चिठ्ठीत मी अर्धा दोष आपल्यावर आणि अर्धा कमलाकांतवर टाकला होता. ती परत आली हे बरं झालं.

चारुशीलेला यातलं काही ठाऊक नव्हतं असं मी इथे लिहिणार होतो. तसं कागदावर लिहिलंही होतं आणि तो कागद फाडला. तिला ठाऊक होतं. तिने भावाला सांगू का म्हणून विचारलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं. आपण रोज मुलाला टाकून बोलत असाल तेव्हा ती ऐकत बसत असेल, ते मी तिला ऐकायला लावलं. अण्णासाहेब, इथे थांबून तिच्याकडे पाहू नका. पुढे वाचा.

पाठवणीचा जो दिवस आपण ठरवला आहे तो धरू नये. सनद पाहून आपण तो ठरवला होता, आणि ती कशी मिळाली ते आता आपल्याला समजलं. तिला पाठवायचं की नाही हे आपण ठरवावं, आणि यायचं की नाही हे तिने. मी मागायच्या जागी राहिलो नाही.

येत्या रविवारी मी नवा कोड घेऊन मोर्शीला जातो आहे. कमलाकांत दारात उभं करील की नाही सांगता येत नाही. उभं केलं तर पुढच्या परीक्षेपर्यंत दर रविवारी जाईन, नाही केलं तर पुस्तक आडतीवर ठेवून परत येईन. आपण त्याला घरी बोलवावं. बोलावताना मी हे लिहिलं आहे हे त्याला सांगावं, म्हणजे ताईचं काय होईल या काळजीने तो बाहेर राहणार नाही.

ती. सौ. माईंस नमस्कार. बाळाला माझा आशीर्वाद सांगावा की नाही ते चारुशीलेने ठरवावं.

चारू, हे टपालाने लिहिलं आहे.

हरिहर